सैल लगाम

घोड्याच्या तोंडातील लोखंड काढून घेतल्यानंतरही जो स्वार त्याला मागल्या पायांवर सावरून डौलदार चालवू शकतो, त्याचीच मांड पक्की, असे मी मानतो. हा आग्रह पुष्कळांना विक्षिप्त वाटतो, कारण लगाम खेचून मान वाकविली म्हणजे घोडा तयार झाला, असा समज वरातीपासून यात्रेच्या बाजारापर्यंत दृढमूल झालेला आहे.

वास्तविक मान ही शेवटची गोष्ट. घोडा उभा असता त्याच्या देहभाराचा सुमारे ६० टक्के अंश पुढल्या पायांवर असतो. पाठीवर माणूस बसला की हा भार आणखी पुढे कलतो. मागले पाय पोटाखाली खोल येऊ लागले, पुठ्ठे किंचित बसले आणि पाठ उचलली गेली, म्हणजे खांदे मोकळे होऊन मान आपण होऊन कमान धरते. याउलट हाताने तोंडापासून आरंभ केला, तर जबडा आवळला जातो, पाठ खचते आणि मागले पाय मागेच रेंगाळतात.

पैनगंगेचे पात्र उन्हाळ्यात आटले की आमच्या हिमायतनगराकडील एक वृद्ध चाबूकस्वार तेथील वाळवंटात आपली तांबडी घोडी फिरवीत असे. पाठीवर खोगीर नाही, तोंडात लगाम नाही. गळ्यात सुताची एक दोरी, तीही बहुधा आयाळीतच विसावलेली. दुडकीतून तिला सावरायचे झाल्यास तो कंबर जड करी, मांड्या अलगद मिटवी. घोडीचा एक कान मागे वळे, पावले आखूड होत, परंतु त्यांतील जोम ओसरत नसे, खूर वाळूतून अधिकच उंच उचलले जात. तत्क्षणी तो अंग सैल सोडी, कारण ती मोकळीक हेच तिचे इनाम होते. मात्र ही विद्या घाईची नव्हे: प्रथम लगाम, मग लगाम व दोरी एकत्र, आणि हाताऐवजी बैठकीला घोडी उत्तर देऊ लागल्यावरच लोखंड उतरवायचे, तेही आधी बंदिस्त आवारात.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक लेखक झेनोफनने अश्वारोहणावर जो ग्रंथ लिहिला, त्यातही बळजबरीने करविलेल्या चालीत सौंदर्य नसते, असेच प्रतिपादन आहे. ज्याला ग्रंथ नको, त्याने आषाढी वारीतील रिंगण पाहावे. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येणारा माउलींचा अश्व पाठीवर स्वार नसता, कोणी लगाम धरलेला नसता, वारकऱ्यांच्या अफाट समुदायातून चौखूर धावतो. तो वेग आहे, सावरलेली चाल नव्हे. तथापि घोड्याला आपला तोल आपणच राखता येतो, याची साक्ष त्याहून मोठी कोणती?

मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडा घेऊ पाहणाऱ्यांना म्हणून माझी विनंती आहे की, भाव ठरविण्यापूर्वी मालकाला लगाम सैल सोडावयास सांगा आणि पुढली दोनचार पावले नीट निरखा. मान लगेच ढळून घोडा पुढल्या पायांवर धपधपू लागला, तर तो अद्याप तयार व्हावयाचा आहे असे समजा, आणि तेवढीच किंमत द्या.