मसाला घरचा, पिशवी कुणाची?

घरगुती गोडा मसाला विकणाऱ्या बाईंचा हात चवीला बसलेला असतो. घोडं अडतं ते पिशवीपाशी. खाकी कागदी पाउच दिसतो झकास, पण आत अस्तर नसेल तर खोबऱ्याचं तेल बाहेर डाग पाडतं आणि दगडफुलाचा वास उडून जातो.

छापील पाउचचं गणित निराळंच. ग्रॅव्ह्युअर छपाईत प्रत्येक रंगाला स्वतंत्र सिलिंडर लागतो, म्हणून छापणारा हजारोंची ऑर्डर मागतो. दहा-वीस किलो मसाल्याला एवढ्या पिशव्या? (हौसेला मोल नसतं, हे छापखान्यालाही ठाऊक असतं.)

त्यापेक्षा अॅल्युमिनियमच्या थराचा कोरा पाउच बरा. लेबलवर १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक, घटक, निव्वळ वजन, किंमत आणि हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका हवाच. लोगो मागाहून मोठा करा. आधी तारीख चष्म्याशिवाय वाचता येईल एवढी छापा.