सटवाईचा कागद

होऊ घातलेल्या बाळाच्या पहिल्या वर्षाच्या खर्चाचा जो कागद त्याच्या आईबापांनी मांडला आहे, त्यावरील बहुतेक बाबींना माझी हरकत नाही. प्रसूतिगृहाचे शुल्क, डायपर, बालरोगतज्ज्ञांकडील खेपा, पाळणाघराची अनामत, बारशाचे जेवण, इतकेच काय, सहाव्या महिन्यातील उष्टावण आणि पहिल्या संक्रांतीचे बोरन्हाण यांसाठीही स्वतंत्र तरतूद करून, शेवटी एकंदर बेरजेचा दहावा हिस्सा 'किरकोळ' या सदराखाली राखून ठेवणाऱ्या त्या दोघांच्या दूरदृष्टीपुढे पेशवाईतल्या फडणिसानेही मान तुकवली असती. लसींच्या रकान्यात त्यांनी शून्य मांडले आहे, तेही यथायोग्य, कारण राष्ट्रीय लसीकरणातील लसी सरकारी केंद्रात मोफत मिळतात. तरीही, ज्या जिवाचा जन्म अद्याप व्हावयाचा आहे त्याच्या नावे बाराही महिने भरलेले पाहून मनात काहीतरी अडखळले, आणि ते नेमके काय, याचा तपास अजून लागलेला नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावे, हे आमच्या पिढीचे सारे अर्थशास्त्र. पण थोडा विचार केला की ध्यानात येते, या म्हणीतले पाय प्रौढ माणसाचे आहेत; त्यांची वाढ केव्हाच थांबली आहे, म्हणूनच ते आखडता येतात. तान्ह्या मुलाची लांबी जन्मतः सुमारे 50 सेंटिमीटर असते ती वर्षअखेर 75 च्या घरात जाते, आणि वजन तर जवळजवळ तिप्पट होते; या गतीने कोणत्या चाकरमान्याचे अंथरूण आजवर लांबले आहे? शिवाय हे अंथरूण नक्की कुणाचे? म्हण रचणाऱ्याच्या घरी दरडोई एक अंथरूण असेल हे संभवत नाही. एका गोधडीखाली तिघे निजत असतील, तर पाय पसरणे हा ऐपतीपेक्षा शेजारच्याच्या बरगड्यांचा प्रश्न ठरतो. आणि तान्हे मूल तर आईच्या कुशीत, जुन्या लुगड्याच्या मऊ दुपट्यात गुंडाळलेले. त्याला स्वतःचे अंथरूणच नव्हते. म्हणजे म्हणीचा अंमल त्याच्यावर चालतच नव्हता.

जमाखर्चाच्या वह्यांतही ते असेच निसटलेले दिसते. आमच्या आजोबांच्या रोजकीर्दीत सुतळीच्या तोड्याचीही नोंद सापडते; पण माझ्या वडिलांच्या जन्मसाली मुलाप्रीत्यर्थ म्हणून ज्या नोंदी आहेत त्या सुईणीस लुगडे व खण, आणि सोनारास वाळ्यांची मजुरी, एवढ्याच. पहिले बाळंतपण माहेरी, तेव्हा तो खर्च दुसऱ्याच घरच्या वहीत गेला. डिंक, अळीव, खारीक, गोडंबी, बाळंतशोपा हे सारे बाळंतविड्यात आले. झबली-टोपडी नात्यातल्या थोरल्या मुलांची उतरलेली. आणि सहाणेवर वेखंड नि मुरडशेंग उगाळणारे, शेगडीवर ओव्याची धुरी देणारे, रात्री मांडी देणारे हात तर कोणत्याच वहीत नव्हते. त्या काळी मूल वाढवणे स्वस्त होते, असे म्हणण्याचा मोह मला पडतो, आणि लगेच शंका येते की खर्च कमी होता की फक्त कारकुनी कमी होती? बाळंतविडा फुकट नसे. तो कुणाच्या तरी पुढच्या बाळंतपणात फेडावा लागे, आणि न फेडल्यास त्याचे व्याज टोमण्यांत वसूल होई.

मात्र ही जुनी खोड नव्या कागदानेही सोडलेली नाही. दुधाच्या सदरात पहिले सहा महिने शून्य आहे, कारण तोवर केवळ स्तनपानच द्यावे असा वैद्यकाचा निर्वाळा आहे. जणू ते दूध आकाशातून उतरते आणि त्यासाठी कुणाची झोप मोडत नाही. प्रसूतिलाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी प्रसूतिरजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर नेली, म्हणून हे शून्य त्या घरी परवडते. जिथे अशी नोकरीच नाही, तिथे त्याची किंमत मजुरीच्या खाड्यात मोजावी लागते.

पण मी भरकटलो. मला सांगावयाचे होते ते सटवाईविषयी. जन्मानंतर पाचव्या अथवा सहाव्या रात्री पाटा-वरवंट्याची पूजा मांडून तिच्यासमोर कोरा कागद, दौत आणि लेखणी ठेवीत, आणि मध्यरात्री कधीतरी येऊन ती मुलाचा ललाटलेख लिहून जाई. म्हणजे मुलाचे पहिले अंदाजपत्रक आमच्याकडेही होतेच, आणि तेही एका वर्षाचे नव्हे, उभ्या जन्माचे. फक्त ते वाचण्याचा अधिकार कुणाला नव्हता. गंमत अशी की कागद इतक्या अगत्याने ठेवूनही बाई लिहिणार ती कपाळावर! सकाळी कागद कोरा तो कोराच, आणि याबद्दल कुणी कधी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

त्या रात्री दिवा विझू देत नसत आणि बायका आळीपाळीने जागत. अस्वच्छ हत्याराने नाळ कापल्यामुळे होणारा धनुर्वात याच पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मूल नेत असे. त्याचे देशव्यापी निर्मूलन झाल्याची मान्यता भारताला मिळाली ती 2015 साली, म्हणजे परवाच. 1951 च्या सुमारास आपल्याकडे जिवंत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी 146 वर्षाच्या आत जात. 2020 मध्ये हा आकडा देशात 28 आणि महाराष्ट्रात 16 झाला. मुलासाठी जन्माआधी काही खरेदी करू नये, पाळणा तर घरात आणूच नये, हा दंडक ज्या घरांतून आला, त्यांच्या वहीत बाराही महिन्यांचे रकाने कसे पडावेत? ज्याला मी आजवर त्यांचे औदार्य, किंवा 'चोच दिली तो चारा देईल' ही श्रद्धा समजत आलो, ती कदाचित निव्वळ भीती असेल. आणि त्या दोघांचा तो नीटनेटका कागद पाहून जे अडखळले ते माझ्यातले शहाणपण नसून तीच वारसाहक्काने आलेली भीती असेल. असेल, असे म्हणतो; कारण हजारी 16 हा आकडाही त्या कागदात कुठे नाही, आणि तो नसावा हेच बरे वाटते, आणि असे वाटणे मला पुन्हा आजीच्याच पंक्तीला नेऊन बसवते.

सरकारला मात्र ही भीती नाही. 1 एप्रिल 2023 रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या, पिवळ्या किंवा केशरी शिधापत्रिकेच्या घरातील मुलीच्या नावे 'लेक लाडकी' योजनेत जन्मताच 5,000 रुपये, आणि पुढे टप्प्याटप्प्याने, अठराव्या वर्षीचे 75,000 धरून, एकूण 1,01,000 रुपये लिहून ठेवलेले आहेत. इतक्या लांबचे लिहिण्याचे धाडस पूर्वी एकटी सटवाई करी, आणि तिचा लेख निदान कागदपत्रांच्या पूर्ततेवाचून लागू होई.

राहून राहून मला त्या कोऱ्या कागदाचे कुतूहल वाटते. कागद महाग असण्याच्या काळात तो टाकून खासच देत नसतील. दुसऱ्या दिवशी त्यावर वाण्याची यादी लिहीत, की मुलाचे टिपण करावयास जोशांकडे पाठवीत, की तो तसाच घडी घालून ठेवीत, याविषयी आमच्या घरात सांगू शकेल असे आता कुणी उरलेले नाही. वाचकांपैकी ज्यांच्या घरी ही रीत अजून चालते, त्यांनी एवढे अगत्याने कळवावे.