अंधारातला तास

शाळेत जे काम कोणालाच नको असते, ते शेवटी मराठीच्या बाईंकडे येते. संमेलनातले नाटक, हस्तलिखित, पाहुण्यांचे आभार. आणि आमच्या परळच्या शाळेत तर चित्रपट-मंडळसुद्धा! कोणा माजी विद्यार्थ्याने 16 मिलिमीटरचा एक प्रोजेक्टर शाळेला देणगी दिला होता. तो कपाटात धूळ खात पडलेला, आणि शाळातपासणीच्या वेळी तो वापरात असल्याचे दाखवणे भाग! मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितले, "बाई, तुम्हाला कवितेची आवड आहे. हे तुम्हीच बघा." कवितेचा आणि प्रोजेक्टरचा संबंध काय, हे मी विचारले नाही. ही 1979 ची गोष्ट. पुढे बरीच वर्षे सकाळची शाळा सुटली, की माझ्या शनिवारच्या दुपारी अंधारात गेल्या.

आता तुम्ही म्हणाल, मुलांना सिनेमा बघायला बाई कशाला हव्यात? पालकांचेही हेच म्हणणे होते. फक्त ते जरा मोठ्याने म्हणत. "आम्ही घरी सिनेमा बंद केला, तो शाळेने सुरू केला!" असे एका गृहस्थांनी मला फाटकातच सुनावले. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 1913 साली गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला, तेव्हापासून हे भांडण या शहरात चालू असावे. मी त्यांना म्हटले, पुढच्या शनिवारी तुम्हीही या. ते काही आले नाहीत. त्यांची मुलगी मात्र येत राहिली.

यंत्राचे खाते मुलांकडेच होते. 16 मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात 40 चित्रे असतात आणि सेकंदाला 24 चित्रे सरकतात. म्हणजे मिनिटाला 36 फूट! हा हिशेब नववीतल्या एका मुलाने फळ्यावर मांडला, तेव्हा त्याला गणितात नापास करणारे आमचे सहकारी बराच वेळ फळ्याकडे बघत उभे होते. फिल्म ओवताना वरचा आणि खालचा वळसा नीट राखला नाही, की पडद्यावर चित्र थडथडू लागते. मला ते कधी नीट जमले नाही. मुलींना झटकन जमे.

चित्रपट मिळवणे हा निराळाच उद्योग. 1955 साली स्थापन झालेल्या चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीचे चित्रपट आम्ही आणत असू. (ती संस्था 2022 मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. बातमी वाचून मला घरातले कोणी गेल्यासारखे वाटले.) पण वर्षभरात मुलेच कुरकुरू लागली, "बाई, यातली मुलं फार शहाणी असतात हो!" मग फिल्म सोसायटीतल्या एका स्नेह्यांच्या मागे लागून मी मोठ्यांचे चित्रपट आणू लागले.

नियम एकच केला होता. चित्रपट संपल्यावर 'यातून आपण काय शिकलो' असे मी विचारायचे नाही, आणि मुलांनीही तात्पर्य सांगायचे नाही. प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट सांगायची, बस्स! आयुष्यभर संदर्भासह स्पष्टीकरण लिहून घेणाऱ्या बाईला हे किती जड गेले असेल, याची कल्पना करा. पहिले काही शनिवार सगळे मुके. मग 'पाथेर पांचाली' झाल्यावर आठवीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "पाऊस यायच्या आधी पाण्यावर किडे पळत होते." हा चित्रपट मी त्याआधी दोनदा पाहिला होता. किडे मला दिसलेच नव्हते.

18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. आमच्या वर्गांतली निम्मी मुले त्यांचीच. पावसाळ्यापर्यंत डब्यांतली भाजी गेली, मग काही डबेच यायचे थांबले. अशात प्रोजेक्टरचा रीळ गुंडाळणारा पट्टा तुटला. नवा घ्यायला पैसे नव्हते. एक मुलगा म्हणाला, "माझे वडील फिटर आहेत. ते घरीच असतात आता."

वडील आले. शिवणयंत्राचा जुना चामडी पट्टा कापून, तारेची कडी मारून त्यांनी तो बसवला, आणि मधेच तुटेल म्हणून यंत्रापाशीच बसून राहिले.

त्या दिवशी आणला होता डी सिकाचा 'बायसिकल थीव्ज', 1948 सालचा. एका बेकाराला भिंतीवर जाहिराती चिकटवायचे काम मिळते; पण त्यासाठी सायकल हवी. सायकल सोडवायला बायको घरातल्या चादरी गहाण टाकते. पहिल्याच दिवशी सायकल चोरीला जाते, आणि बाप-लेक ती रोमभर शोधत फिरतात. चित्रपट इटालियन, खालची अक्षरे इंग्रजी. म्हणून मी पडद्याशेजारी उभी राहून मराठीत सांगत होते. गहाणवटीच्या दुकानातला माणूस चादरींचे गाठोडे घेऊन फळ्यांवरून वर चढतो, आणि वर छतापर्यंत तशीच गाठोडी रचलेली दिसतात, तिथे मी थांबले. कोणाच्या ध्यानातही आले नाही. परळच्या मुलांना त्या जागेचे भाषांतर नको होते.

शेवट मला माहीत होता. बाप स्वतःच एक सायकल चोरतो, पकडला जातो, आणि लोक त्याला मुलादेखत मारतात. मागे यंत्रापाशी वडील, पुढे तिसऱ्या रांगेत मुलगा. मधेच यंत्र बंद करावे की काय? पण रीळ चालू होते आणि ते चालवत होते तेच.

दिवे लागले. चादरींची गाठोडी, खांद्यावरची शिडी, अशा एकेक गोष्टी आल्या. त्या मुलाची पाळी आली, तेव्हा तो मागे न बघता म्हणाला, "बापाची टोपी पडली होती. पोराने ती उचलली, झटकली."

मुले गेल्यावर त्याचे वडील रीळ उलटे गुंडाळत होते. म्हणाले, "हा माणूस खरा कामगार दिसतोय, बाई. नट वाटत नाही."

"खराच होता," मी म्हटले. "लाम्बेर्तो माज्जोरानी त्याचं नाव. कारखान्यात कामाला होता."

त्यांना ते फार आवडले. चित्रपटानंतर तो कारखान्यात परतला आणि मग त्याला कामावरून कमी केले, हेही मी वाचले होते. ते मी बोलले नाही.

"हा पट्टा काही फार दिवस टिकायचा नाही," रीळ डब्यात ठेवत ते म्हणाले. "पुढच्या शनिवारी दुसरा घेऊन येतो. किती वाजता लावता?"