दम्याचा शिक्का

"कारखान्यातलं पोर ना? मग दमा असणारच." हे वाक्य माझ्या धाकट्या जावेने इतक्यांदा ऐकलं, की शेवटी तिने उत्तर देणंच सोडून दिलं. तिने सोडलं, पण मला ते अजून डाचतं.

आमचं गाव जोहे म्हणजे गणपतीचे कारखाने. हमरापूर-जोहे पट्ट्यात ओटीवर, पडवीत, मांडवात मूर्तीच मूर्ती; प्लास्टर, काथ्या, पॉलिश पेपर, रंगाची गन. आमच्या घरीही तेच. जावेचा मुलगा तान्हा असल्यापासून श्वास घेताना घरघरायचा. दूध पिताना आवाज वाढायचा, रडला की आणखी. केसपेपरवर 'बालदमा' लिहिलं गेलं आणि नेब्युलायझर सुरू झाला. फरक काही पडला नाही. सासूबाई म्हणाल्या, "गरोदरपणात फिनिशिंगला बसली, त्याचंच हे." मग ती बाळाला घेऊन रोह्याला माहेरी गेली. तिथे ना प्लास्टर, ना रंग. घरघर मात्र तीच.

खरं तर बाळानेच सगळ्यांना केव्हाचं सांगितलं होतं. ते मान पार मागे टाकून झोपायचं. आजी यायची, हलक्या हाताने मान सरळ करायची आणि आवाज वाढायचा. जाऊ उठून खांद्याखाली दुपट्याची घडी सरकवायची, मान पुन्हा मागे जायची आणि आवाज उतरायचा. तिने हे प्रत्येक दवाखान्यात सांगितलं. मी सोबत असायचे, मी ऐकलंय. "सवय असते काही मुलांना," असं उत्तर मिळालं. वरचं खाणं सुरू झालं आणि भाताच्या घासागणिक ठसका लागू लागला. "घाई करते भरवायची," हा ठपकाही तिच्यावरच. इतक्या केसपेपरांपैकी एकावरही त्या मानेबद्दल एक ओळ नव्हती.

ती ओळ पहिल्यांदा लिहिली मुंबईतल्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी. त्यांनी औषध बदललं नाही. आधी बाळाला झोपू दिलं आणि शेजारी बसून ऐकलं. दम्यात शिट्टी मुख्यतः श्वास सोडताना वाजते. इथे घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा आवाज होता. मग छातीचा सीटी स्कॅन झाला. हाताच्या शिरेतून कॉन्ट्रास्ट सोडलं. प्रत्यक्ष स्कॅनला काही सेकंद लागले. वेळ गेला तो बाळाला शांत करण्यात.

स्क्रीनवर संगणकाने रचलेलं चित्र होतं. हृदयातून निघालेली महाधमनी दोन फाट्यांत विभागली होती. एक फाटा श्वासनलिकेच्या उजवीकडून, दुसरा डावीकडून, आणि मागे जाऊन दोन्ही पुन्हा एक. श्वासनलिका आणि अन्ननलिका त्या कड्यात आवळलेल्या. गर्भात सुरुवातीला असा जोड असतो आणि पुढे एक बाजू विरते. इथे ती विरली नव्हती. नवजात बाळाची श्वासनलिका आतून जेमतेम ४ मिलिमीटरची. ती निम्मी झाली तर हवेला होणारा विरोध १६ पट वाढतो. यात प्लास्टरचा काही संबंध नव्हता आणि आईचाही.

"मग पहिल्याच दिवशी सीटी का नाही काढला?" म्हणून मी पुष्कळ चिडले होते. आता तितकं ठामपणे म्हणवत नाही. घरघरणाऱ्या प्रत्येक बाळाला यंत्रात घालून चालत नाही. किरणांचा डोस लहान जिवाला जास्त बाधतो. तान्ह्या बाळांच्या अशा आवाजाचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे स्वरयंत्राचा मऊपणा. तो दुर्बिणीतून दिसतो आणि बहुतेकदा दीड-दोन वर्षांत आपोआप जातो. शिवाय बोस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस यांनी असं कडं शस्त्रक्रियेने पहिल्यांदा सोडवलं ते १९४५ साली. माणसाचा पहिला सीटी स्कॅन लंडनमध्ये झाला १९७१ला. म्हणजे यंत्राआधी शंका यावी लागते. आमच्याकडे अडलं होतं ते तिथेच.

ऑपरेशनमध्ये बरगड्यांमधून जाऊन कड्याचा बारीक फाटा बांधून कापला. घरघर लगेच थांबली नाही. इतके दिवस दाबली गेलेली नळी मऊ पडलेली असते, तिला महिने लागतात. तेवढ्यातही "बघा, दमाच होता," म्हणणारे निघालेच. आता पोरगा मांडवभर धावतो. धूळ मुलांना वाईटच, त्यामुळे घासकामाच्या वेळी आम्ही त्याला आत नेतो.

बाळ जन्मापासून घरघरत असेल, नेब्युलायझरने उतार पडत नसेल, खाताना ठसका लागत असेल किंवा मान मागे टाकून झोपत असेल, तर त्याचा झोपेतला आणि दूध पितानाचा व्हिडिओ मोबाइलवर काढा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, त्यांना दाखवा, डॉक्टरांना दाखवा. आणि आईने जे पाहिलंय ते केसपेपरवर लिहून घ्यायला लावा.