थंडीचे खाते

बँकेत नोकरी करणाऱ्याला जगात दोनच प्रकारची माणसं दिसतात. बदली टाळण्यासाठी धडपडणारी आणि बदली मिळवण्यासाठी धडपडणारी. तिसरा प्रकार खातेदारांचा. पण त्यांच्याकडे बघायला आम्हांला वेळच नसतो, असं खुद्द खातेदारांचंच मत आहे. मी पंधरा वर्षं पहिल्या प्रकारात सुखाने मोडत होतो. निफाड सोडून कुठं जायचं नाही, हा माझा बाणा होता. तो मोडला आईच्या गुडघ्यांनी.

निफाडची थंडी ज्यांना वाजलेली नाही, त्यांना मी काय सांगणार! दर डिसेंबरात पेपरात 'निफाड गारठले' असा मथळा येतो. हा मथळा जुळवून ठेवलेलाच असावा, नुसता आकडा बदलत असावेत. तालुक्यात कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे, तिथे पारा मोजतात. डिसेंबर २०१८ मध्ये तो दोन अंशांच्याही खाली गेला होता. महाबळेश्वरला लोक पैसे मोजून थंडी बघायला जातात. आमच्याकडे ती फुकट आणि घरपोच. माझा मुंबईचा मेहुणा सकाळी फोन करून "आज किती?" असं विचारायचा, जसा काही मॅचचा स्कोअरच. आकडा जितका खाली, तितकी त्याची छाती वर. त्याचं काय जात होतं? तो चाळीस लाखांच्या गर्दीत घाम पुसत उभा असायचा.

द्राक्षबागाईतदारांची मात्र झोप उडायची. मण्यांत पाणी भरत आलेलं असावं आणि नेमका तेव्हाच गारठा पडावा! मणी तडकतात, वर्षभराची मेहनत डोळ्यांदेखत फुटते. मग पहाटे बागेत शेकोट्या करून धूर करायचा, ठिबकचं पाणी सोडायचं, आणि सूर्याची वाट बघत बसायचं. सकाळी काउंटरवर येणाऱ्या माणसाच्या स्वेटरला धुराचा किती वास येतो, त्यावरून आम्ही रात्रीचा पारा ओळखत असू. वास जास्त असला, की कर्जाच्या हप्त्याचा विषय त्या दिवशी काढायचा नाही, हा शाखेचा अलिखित नियम होता.

या थंडीत आई डिसेंबर ते फेब्रुवारी अंथरुणातून तीन हप्त्यांत उठायची. पहिला हप्ता बसण्याचा, दुसरा विठ्ठलाचं नाव घेण्याचा, तिसरा प्रत्यक्ष उभं राहण्याचा. २०२२च्या हिवाळ्यात तिला रात्रीचा दमही लागू लागला. एका पहाटे तीन वाजता ती उशांचा ढीग करून बसली होती आणि मी तिच्या पाठीवर हात फिरवत होतो. तेव्हा मेहुण्याला आकडा सांगायची हौस माझ्यातून कायमची गेली. डॉक्टर म्हणाले, "यांना ही थंडी नाही सोसायची. जमलं तर समुद्रकाठी न्या." हे त्यांनी अशा सहज आवाजात सांगितलं, की समुद्रकाठ जेवणानंतर दोनदा कोमट पाण्याबरोबर घ्यायचा आहे, असं मला वाटलं.

मी रत्नागिरी जिल्ह्यासाठी विनंती बदलीचा अर्ज केला. त्या फॉर्मात 'कारण' या सदराला अर्धा इंच जागा असते. तेवढ्यात मी 'गुडघे' एवढंच बसवलं. साहेब म्हणाले, "कुणाचे ते लिहा. नाहीतर तुम्हांलाच तपासणीला पाठवतील." मी बारीक अक्षरात 'आईचे' असं वर घातलं. शाखेत बातमी पसरल्यावर सगळे माझ्याकडे सहानुभूतीने बघू लागले. "कोकणात? स्वतःहून?" रोखपालांनी तर मला बाजूला घेऊन घरी सगळं ठीक आहे ना, अशी चौकशी केली.

जून २०२३ मध्ये आम्ही रत्नागिरीला आलो. जूनमध्ये कोकणात बिऱ्हाड हलवणं म्हणजे काय ते ज्याचा टीव्ही ट्रकमधून पोहत आला, त्यालाच कळेल. निफाडला वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, तेवढा इथे जुलैच्या एका पंधरवड्यात उरकतात. मिठाला पाणी सुटलं. पापडांनी माना टाकल्या. माझ्या कमरेच्या पट्ट्यावर मखमलीसारखी हिरवी बुरशी आली. काउंटरवर येणाऱ्या नोटा एकमेकींना इतक्या प्रेमाने चिकटलेल्या असत, की मोजायचं मशीनही त्यांना विलग करायला संकोचे. सौ.ने सबंध आषाढ चार शर्टांवर काढला. दोन अंगावर, दोन पंख्याखाली. "थंडी नाही ना, मग झालं," असं मी म्हणालो की ती माझ्याकडे बघायची. उत्तर द्यायची नाही, नुसती बघायची.

इथे थंडी का नसते, याचं भूगोलाच्या पुस्तकातलं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. पण आम्हां कॉमर्सवाल्यांना ते खात्याच्या भाषेत सांगितल्याशिवाय पटत नाही. निफाडची जमीन म्हणजे बचत खातं. दुपारी जेवढी ऊब जमा होईल, तेवढी कोरड्या, निरभ्र रात्री काढून मोकळी. दुपारी अठ्ठावीस, पहाटे पाच, शिल्लक काही नाही! समुद्र म्हणजे मुदत ठेव. पाणी तापायला वेळ लावतं आणि निवायलाही वेळ लावतं. उन्हाळ्यात ठेवलेली ऊब तो हिवाळ्यात थोडी थोडी व्याजासारखी देत राहतो. त्यामुळे निफाडकर दोन स्वेटरांत शेकोटीला चिकटलेला असतो, तेव्हा रत्नागिरीकर पंखा दोनवरून एकवर आणून "आज जरा गारवा आहे हो," असं म्हणतो.

शांत किनारी राहायला आलेला मी काही पहिला नव्हे. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून काढलं आणि पुढच्या वर्षी इथे आणून ठेवलं. त्याच्यासाठी टेकडीवर बांधलेला राजवाडा १९१० मध्ये पुरा झाला. १९१६ मध्ये तो इथेच वारला. तीस वर्षं एका ठिकाणी, आणि परत बदलीचा अर्ज मंजूर नाही! नवीन आलेल्या प्रत्येक बँकवाल्याला हा राजवाडा आवर्जून दाखवतात. त्यामागे काय हेतू असतो, कोण जाणे.

आई राजवाडा बघून आल्यावर दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तो राजा दिवसभर करत काय असेल रे?"

खरी अडचण तिथेच होती. पावसाळ्यातही गुडघे बरे होते. दम तर नावालाही नव्हता. पण आईला बोलायला माणूस नव्हतं. निफाडला सकाळी दारात शेकोटी पेटली की आजूबाजूच्या चार जणी येऊन बसत. काटक्या एकीच्या, चहा दुसरीचा, आणि सुनांचे विषय सगळ्यांचे. थंडीने तिची हाडं धरली होती, हे खरं. पण त्याच थंडीने माणसंही जमवून दिली होती. इथे शेकोटी करावी, तर लोक आग लागली म्हणून घागर घेऊन धावत येतील. शेजारीण भली. पण ती प्रेमाने जे वाटीत घालून आणी, ते हमखास समुद्रातलं असे, आणि आई पडली माळकरी. "आज नुसतं कालवण आहे, मासा नाय त्यात," असं त्या माउलीने एकदा समजावून सांगितलं. मासा आमच्या वाटीत यायच्या आत काढून घेतला होता, एवढंच.

शांतता म्हणाल, तर ती भरपूर. इतकी, की रात्री नारळाची एखादी झावळ पत्र्यावर पडली की बारा गावचं पोलीसखातं दारावर धडकल्यासारखं वाटायचं. बाकी मग बेडूक, समुद्र आणि मध्येच आईचं कूस बदलणं. निफाडला ती दुखण्यानं जागी असायची. इथे काही दुखत नव्हतं, तरी जागीच असायची. हे कुठल्या डॉक्टरला सांगायचं?

दिवाळी झाली आणि आमच्या घरमालकांचं वागणं बदललं. त्यांची वाडीत हापूसची चाळीसेक कलमं आहेत. त्यांचं पीककर्ज आमच्याच शाखेत आहे, पण ती गोष्ट मी सांगणार नाही. ग्राहकाची माहिती गुप्त ठेवायची असते. एरवी गडी हसतमुख. पण आता सकाळी उठून आभाळाकडे बघत, कलमांकडे बघत, आणि मग आमच्याकडे असे बघत, की बिऱ्हाड आम्ही आणलं ते आणलं, निफाडची थंडी का नाही आणली! "थंडी नाय पडली तर मोहोर कुठचा?" असं ते रोज एकदा तरी विचारत. इथे सगळं वर्ष त्या चार गार रात्रींवर टांगलेलं असतं. बरं, नुसती थंडी पडूनही भागत नाही. ती बेताची हवी आणि वेळेवर हवी. उशिरा पुन्हा जोर केलान तर झाडाला दुसऱ्यांदा मोहोर येतो आणि आधी धरलेली बारीक कैरी गळून जाते. ढग आले तर तुडतुडे. द्राक्षवाला थंडी जावी म्हणून देव पाण्यात ठेवतो, आंबेवाला ती यावी म्हणून. एकाच्या खात्यात नको इतकी जमा, दुसऱ्याच्या खात्यात किमान शिल्लकही नाही, आणि मी आयुष्यभर पैसे इकडून तिकडे पाठवणारा माणूस, मला दोन अंश काही इकडे वळते करता येईनात!

मार्गशीर्ष संपत आला तरी पंखा चालूच. एका सकाळी मालक पायरीवर टेकले. आई तुळशीपाशी होती. बोलता बोलता ती म्हणाली, "मला बाई थंडी पडायच्या आधीच कळतं. आदल्या रात्री गुडघा बोलायला लागतो."

मालक सरळ बसले. "आदल्या रात्री?"

"आदल्या रात्री."

तेव्हापासून मालक रोज सकाळी सहाला हजर. मोबाइलमधल्या हवामानावर त्यांचा विश्वास नव्हता. "तो मुंबईत बसून सांगतो," असं त्यांचं म्हणणं. आईचा गुडघा वाडीतच होता. आठवडाभराने त्यांच्याबरोबर खालच्या वाडीतले दोघं येऊ लागले. मग त्यांच्या बायका. सौ. चहाचं मोठं पातेलं चढवू लागली. आई पायरीवर बसून निफाडचे गारठे सांगे. हंड्यातलं पाणी कसं बोटाला चावायचं, पहाटे बागेत धूर कसा करायचे. आणि ज्यांनी जन्मात कानटोपी घातली नाही, अशी माणसं हेव्याने ऐकत असत. एका म्हातारीने तर "काय नशीबवान मुलूख!" असा सुस्कारा सोडला.

माझी मात्र पंचाईत. मुलगा म्हणून गुडघा दुखू नये असं वाटे. बँकेचा माणूस म्हणून मार्चअखेर डोळ्यांपुढे दिसे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या, पंप, सगळं मी कपाटातून काढून उशाशी ठेवलं होतं.

पौषात एके दिवशी उजाडताना मी उठलो, तर पंखा बंद होता. दिवे गेले असावेत म्हणून बटण पाहिलं. तर आईनेच तो बंद केला होता. ती पायरीवर शाल घेऊन बसली होती. श्वास नीट होता, तो मी आधी ऐकून घेतला. तेवढ्यात मालक आलेच.

"आजी, आज काय?"

"उजवा लागलाय हो दुखायला. रात्रीपासनं."

मालकांचा चेहरा असा उजळला, की दुसऱ्याच्या दुखण्यावर माणसाने इतकं खूश होऊ नये, हे त्यांचं त्यांनाच कळलं. चेहरा पाडायचा त्यांनी बराच प्रयत्न केला, पण जमेना. शेवटी त्यांनी आवाज उतरवून विचारलं, "आणि डावा?"

"डावा नाही अजून."

"मग आणखी दोन रात्री तरी पायजेत," मालक कलमांकडे बघत म्हणाले. "दोन्ही दुखले म्हणजे मोहोर सगळीकडनं सारखा येईल."

"बघते," आई म्हणाली, आणि मला आतून निर्गुडीचं तेल आणायला सांगितलं.