डोलकाठी मोडल्यावर

मागच्या वर्षी रमजान आठवड्यावर आला असताना मुलांचे अब्बा आखातातून परत आले. सुटीवर नव्हे, कायमचे. एकोणीस वर्षांच्या नोकरीतून घरी आल्या त्या दोन बॅगा आणि अवजारांची एक जड पेटी. वरच्या मजल्याच्या भिंती छातीपर्यंत चढलेल्या, मोठी मुलगी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला, आणि हातात काय, तर उर्दू शाळेतला माझा पगार.

पहिले चार दिवस मी फार शहाण्यासारखी वागले. पाचव्या दिवशी बँकेचा हप्त्याचा फोन आला आणि माझा तोल गेला. "अहो, कंपनी बुडतेय हे तुम्हाला आधी कळलं कसं नाही?" असे मी ओरडून विचारले. ते काही बोलले नाहीत. चपला घातल्या आणि जेटीकडे निघून गेले. त्या रात्री मला झोप लागली नाही आणि का कोण जाणे, माझे नाना आठवले.

नाना, म्हणजे आईचे वडील, शिडाच्या गलबतावर तांडेल होते. नारळी पौर्णिमेनंतर दर्या उघडला की निघायचे ते थेट मे महिन्यापर्यंत. मधल्या आठ-नऊ महिन्यांत गलबत हेच घर. सात माणसे, वाळू भरलेल्या खोक्यावर पेटवलेली चूल, गोड्या पाण्याचे एक पीप आणि अंग टाकायला मालाच्या वरची जागा. माल बहुधा मंगळुरी कौले. बाझेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, पुढे तिथे असे अनेक कारखाने झाले, आणि ती लाल कौले आपल्या किनाऱ्यावरच्या घराघरांवर चढली. रात्री जमिनीवरून मतलई वारा सुटला की त्यावर उत्तरेला सरकायचे, दुपारी समुद्रावरचा वारा आला की शीड फिरवत फिरवत वाट काढायची. इंजिन नाही, रेडिओ नाही. वारा पडला तर दोन-दोन दिवस एकाच डोंगराकडे बघत बसायचे.

ही गोष्ट १९६१ च्या मे महिन्यातली, मोसमातल्या शेवटच्या खेपेची. मालवण मागे टाकून गलबत देवगडच्या दिशेने चालले होते. संध्याकाळी नैर्ऋत्येकडून काळे ढग आले आणि शीड उतरवायला घेईपर्यंत पहिल्याच झोताने डोलकाठी मधोमध मोडली. काठी, शीड, दोर, सगळे बाजूला पाण्यात पडले आणि प्रत्येक लाटेबरोबर गलबताच्या कुशीवर आपटू लागले.

लहानपणी मी ही गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायची आणि दर वेळी विचारायची, "नाना, मग तुम्ही पहिल्यांदा काय केलंत? काठी बांधलीत?"

"नाही बाय," नाना म्हणायचे. "काठी शेवटी. पहिल्यांदा मी खाली उतरून पाणी किती आलंय ते बघितलं. मग माणसं मोजली. मग गोड्या पाण्याचं पीप बघितलं. आणि भंडाऱ्याला सांगितलं, जमेल तेव्हा भात लाव."

भंडारी म्हणजे गलबतावर स्वयंपाक करणारा पोरगा. तो रडत होता. तांदूळ धुवायला लावल्यावर रडायचा थांबला, असे नाना हसत सांगायचे.

तळात पाणी गुडघ्याएवढे होते. फळ्यांच्या सांध्यांतला कापूस सुटला होता. खलाशांपैकी एक कोयता घेऊन सगळे दोर तोडायला धावला, म्हणजे आपटणारी काठी निघून जाईल. नानांनी त्याचा हात धरला. काठीला धरणारे दोर तोडू दिले, पण शीड आणि शिडाची आडवी काठी ज्या दोरावर होती तो राखला. मोडलेला तुकडा वाहून गेला, आडवी काठी आणि फाटके शीड त्यांनी वर ओढून घेतले.

नांगर टाकला, पण तो धरेना. गलबत जड झाले होते आणि वारा खडकाकडे ढकलत होता. तेव्हा नानांनी कौले समुद्रात टाकायला सांगितली. एकेक कौल दोन-अडीच किलोचे. रात्रभर तीन माणसे पाणी उपसत होती आणि बाकीची कौले फेकत होती. पहाटेपर्यंत निम्मा माल गेला, गलबत वर उचलले, नांगर धरला. सकाळी त्यांनी ती आडवी काठी डोलकाठीच्या बुंध्याला उभी बांधली, फाटक्या शिडाचा एक तुकडा तिच्यावर चढवला आणि दोन दिवसांनी रखडत विजयदुर्गच्या खाडीत शिरले.

गोष्ट इथे संपत नाही. फेकलेल्या कौलांचे पैसे मालकाने नानांच्या वाट्यातून पुढचे दोन मोसम कापून घेतले. नाना घरी आले ते रिकाम्या हाताने, चालत. अकरा दिवस घरी काही खबर नव्हती. आगोटीचे तांदूळ भरायला नानीने हातातली बांगडी आधीच विकली होती. तिने नानांना दारात पाहिले आणि एवढेच विचारले, "सगळे आले?"

त्या रात्री मला हेच आठवले. नानीने काय विचारले होते, आणि मी काय विचारले.

दुसऱ्या दिवशी सहरी-इफ्तारच्या सामानाची यादी करायच्या वहीत मी नानांच्या क्रमाने लिहायला बसले. आधी तळातले पाणी, म्हणजे दर महिन्याला न थांबता जाणारा पैसा. मग माणसे. मग घरात काय आहे ते. मुलांच्या अब्बांना हाक मारली, कालच्या बोलण्याची माफी मागितली आणि वही त्यांच्यापुढे सरकवली. आकडे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते. भीतीही. हप्ता कुणीतरी विचारील म्हणून ते चार दिवस झोपले नव्हते.

कौले टाकायचे म्हणजे वरचा मजला. ते त्यांचे एकोणीस वर्षांचे स्वप्न होते. आम्ही गवंड्याचे पैसे चुकते केले, उरलेले सिमेंट आणि वाळू विकली, गाडी विकून बँकेचा हप्ता कमी केला. मुलीची फी मात्र राखली. मोहल्ल्यात बोलणे झाले. "आखातवाल्यांची गाडी गेली," असे एका लग्नात माझ्या कानावर पडले. वाईट वाटले, खोटे कशाला सांगू?

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर आठवीच्या वर्गाला मी अभिलाष टॉमी यांच्याबद्दल सांगितले. नौदलातले हे माजी अधिकारी. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत गोव्यात बांधलेल्या 'तुरीया' या शिडाच्या बोटीतून एकटेच जगप्रदक्षिणेला निघाले होते. सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरात वादळात डोलकाठी मोडली, पाठीच्या कण्याला जबर मार बसला. तीन दिवस बिछान्यावर पडून राहिले, मग एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. कण्यात टायटॅनियमच्या सळ्या बसवल्या. आणि २०२२ मध्ये तेच गृहस्थ त्याच शर्यतीत पुन्हा उतरले. वाटेत बोट आपोआप वळवणारे यंत्र मोडले तेव्हा त्यांनी बोटीवरच्या संडासाचे दार कापून त्याचा भाग बनवला. २९ एप्रिल २०२३ रोजी ते दुसऱ्या क्रमांकाने पोचले.

संडासाच्या दाराला वर्ग खो खो हसला. एका मुलाने विचारले, "मॅडम, मग दाराचं काय केलं त्यांनी?" मी म्हटले, "दाराशिवाय राहिले."

घरी येऊन ही गोष्ट मी मुलांच्या अब्बांना सांगितली. ते हसले. त्या दिवसांत ते फार कमी हसत. थोड्या वेळाने त्यांनी कोपऱ्यातली अवजारांची पेटी ओढली आणि उघडली. आखातात ते वातानुकूलन यंत्रे बसवायचे आणि दुरुस्त करायचे. इथे आल्यापासून त्या पेटीला हात लावला नव्हता. एकोणीस वर्षांनी गावात दारोदार पेटी घेऊन फिरायचे, ही लाज मोठी होती. पहिले काम जेटीवरच्या मासळीवाल्याच्या बंद पडलेल्या फ्रीजरचे मिळाले. पैसे कमी आणि अर्धे सुरमईच्या रूपात मिळाले.

आता वर्ष झाले. पगाराएवढे उत्पन्न अजून होत नाही. पावसाळ्यात कामे कमी, उन्हाळ्यात फोन थांबत नाही. माझी शिकवणी चालू आहे, मुलगी तिसऱ्या वर्षाला गेली, अलहम्दुलिल्लाह. वरच्या भिंती अजून छातीएवढ्याच आहेत, लोखंडी सळ्यांना गंज चढू नये म्हणून आम्ही त्यांना प्लॅस्टिक बांधले आहे. मी तिथे दोऱ्या बांधून कपडे वाळत घालते. वारा आला की चादरी शिडासारख्या फुगतात.

संध्याकाळी पेटी घेऊन ते दारात आले की मी आता किती मिळाले, हे लगेच विचारत नाही. आधी पाणी देते. बाकीचे ते स्वतःच सांगतात.