स्प्रिंग, गॅस की बॅटरी?

गेल्या उन्हाळी सुट्टीत वैजापुरातील तीन मुले माझ्याकडे एक पेच घेऊन आली. प्लॅस्टिकच्या छर्ऱ्यांची बंदूक घेण्यासाठी त्यांनी वर्गणी जमवली होती. "फादर, स्प्रिंगची घ्यावी, गॅसची की बॅटरीची?" बंदुकीविषयी धर्मगुरूचा सल्ला! मला हसू आले. परंतु प्रश्न टाळण्याजोगा नव्हता.

हा खेळ १९७० च्या दशकात जपानमध्ये रुजला. ६ मिलिमीटर व्यासाचा, सुमारे ०.२० ग्रॅम वजनाचा छर्रा वायूच्या दाबाने सुटतो. तो दाब निर्माण कोणी करायचा, एवढाच प्रश्न. स्प्रिंगच्या बंदुकीत ते काम आपला हात करतो. प्रत्येक बारापूर्वी स्प्रिंग ताणावी लागते. गॅसच्या बंदुकीत द्रवरूप वायूची वाफ छर्रा ढकलते. मात्र तिचा दाब हवामानाबरोबर बदलतो. पौषातील थंडीत बार मंदावतो आणि वैशाखात पारा चाळिशीपार गेला की तोच छर्रा अधिक जोराने सुटतो. बॅटरीच्या बंदुकीतही बहुधा स्प्रिंगच असते. ती मोटार ताणते, म्हणून घोड्यावर बोट दाबून धरले की छर्ऱ्यांची सरच लागते.

स्पर्धेतील नेमबाजांची निवड निराळी. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरो येथे ज्या १० मीटर एअर रायफल प्रकारात विश्वविजेता ठरला, त्यात आज नळकांड्यात दाबून भरलेली हवा वापरतात. स्प्रिंगचा हिसका नसल्याने नेम ढळत नाही.

मला मात्र बालपणीचा एक होला आठवला. मामांच्या छर्ऱ्याच्या बंदुकीने मी त्याचा पंख मोडला होता. दुसऱ्या बारासाठी नळी वाकवून स्प्रिंग ताणू लागलो. बळ अपुरे पडले, म्हणून थांबलो. तेवढ्यात त्याची माझ्यावर खिळलेली नजर दिसली. दुसरा बार झालाच नाही. मी त्याला पाणी पाजले. संध्याकाळी तो गेला.

"स्प्रिंगची घ्या," मी मुलांना म्हणालो. "दोन बारांच्या मध्ये विचाराला जागा राहते." दोन अटीही घातल्या : नेम केवळ पुठ्ठ्यावर धरायचा आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच, कारण एवढासा छर्राही डोळा निकामी करू शकतो.

धाकटा हिरमुसला. त्याला छर्ऱ्यांची सर हवी होती. होल्याची गोष्ट मी त्याला अद्याप सांगितलेली नाही. सांगायला हवी.